चिंगीने काठी आणली, पण

पडलेली काठी उचलून मालकाच्या हातात आणून द्यायची, हे कुत्र्याला शिकवणं आमच्या धंद्यात सोपं काम. लॅब्रेडॉर असेल तर तो न सांगताच तोंडात धरून फिरतो, आपल्याला फक्त सोडायला शिकवावं लागतं. पण अमळनेर तालुक्यातल्या त्या घरी होती चिंगी, गल्लीतून उचलून आणलेली गावठी कुत्री, आणि काठी दिसली की ती थेट खाटेखाली. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी सटकून पडली तर वाकता येत नाही, दुपारी घरात दुसरं कोणी नसतं, म्हणून मुलाने मला बोलावलं. आजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काठी दखी का पयस ती, ती काय आनी दी?" म्हणजे काठी बघितली की पळते, ती काय आणून देणार.

मुलाला घाई होती. कोणीतरी त्याला सांगितलेलं की आठवड्यात कुत्रं सरळ होतं. आमच्याकडे जळगाव धुळ्यात अजून असेच ट्रेनर जास्त, गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी घालायची, झटका द्यायचा, कुत्रं गप्प झालं की मालक खुश. गप्प होणं आणि शिकणं यातला फरक लोकांना कळत नाही, आणि मला तो समजावून सांगायचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

मे महिना, पारा 43 च्या पुढे, म्हणून सगळं काम सकाळी ऊन चढायच्या आत, तेही पाच पाच मिनिटांच्या तुकड्यांत. घर शाकाहारी, चिकन आत आणायचं नाही, मग पनीर, हरभऱ्याएवढे तुकडे करून. घरचे शेव टाकत होते ती आधी बंद केली, तिखट, मीठ, वर लसूण, आणि लसूण कांदा कुत्र्याला बाधतो हे सांगितलं की लोक हसतात. भाकरीच्या तुकड्यावर चिंगी बसायची, पण काठीजवळ यायची नाही. जेवढी भीती मोठी तेवढं बक्षीस भारी लागतं.

क्लिकर म्हणजे दाबलं की टक वाजणारी छोटी डबी, कुत्र्याने बरोबर केलं हे त्या आवाजाने कळवायचं. तिचा आवाज चिंगीला मोठा वाटायचा म्हणून बॉलपेन वापरला. टिक म्हणजे पनीर, एवढंच आधी डोक्यात बसवलं. मग काठी अंगणाच्या त्या टोकाला आडवी ठेवली. तिने काठीकडे नुसतं बघितलं की टिक, पनीर. तिला काठीकडे ओढायचं नाही, काठी तिच्याकडे न्यायची नाही. पावलोव्ह आणि स्किनर ही नावं सगळे ट्रेनर फेकतात, पण भीती काढणं, म्हणजे काठी दिसली की चांगलं काहीतरी मिळतं हे मनात जोडणं, हे पावलोव्हचं काम आणि काठी आणायला लावणं, म्हणजे केलेल्या कामाला बक्षीस देणं, हे स्किनरचं, दोन्ही एकदम उरकायला गेलं की कुत्रं काम करतं आणि भीती आत तशीच राहते.

काठी तोंडात धरायची हिंमत आल्यावर वेगळीच गंमत. मधोमध धरून आणायची आणि दाराच्या चौकटीत काठी आडवी अडकायची, मग बिचारी मागे जाऊन परत तेच. मधल्या भागाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती ती काढली आणि मुठीला सुती दोरीचा फास बांधला. दोरी ओढली की काठी मागून सरपटत येते, कुठेच अडत नाही, आणि दोरीला ती मुळात भीतच नव्हती. या दोरीचा मला खरंच अभिमान आहे. आजींच्या हातात दोरी देणं मात्र सगळ्यात आधी शिकवलं होतं, नुसत्या दोरीच्या तुकड्यावर, म्हणजे शेवटची पायरी तिला सगळ्यात पक्की.

मग तो रविवार. मुलगा घरी, व्हिडिओ काढायला मोबाईल धरून उभा. आजींनी काठी पाडली, चिंगीने दोरी ओढत आणून दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला दिसलं ते असं, कान मागे चिकटलेले, जीभ सारखी नाकावर, शेपूट हलतेय पण पार खाली, पोटाशी. लोकांना वाटतं शेपूट हलली म्हणजे आनंद. शनिवारी हीच कुत्री आजींकडे अंग सैल सोडून डुलत आली होती.

मुलाला म्हटलं जरा ओट्यावर जा. परत करून बघितलं, चिंगी मोकळी. शेजारचे काका, मुलासारखेच धिप्पाड, त्यांना आत बोलावून उभं केलं, हातात दुसरी काठीसुद्धा दिली. थोडी दबकली, पण आली. मुलगा आत आला आणि कान परत मागे. काका म्हणाले, "नवीन माणूस दखीसन लाजत हुई." नवीन तर काका होते. आजी काहीच बोलल्या नाहीत, पदर सारखा करत बसल्या.

आता हे डोक्यातून जात नाही. मी त्याला विचारलं नाही. गावठी कुत्रं कोणी नुसतं दगड उचलायला वाकल्यासारखं केलं तरी पळतं, त्यामुळे त्याने हिला मारलंच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, शेळ्यांवर उगारलेली काठीही तिने बघितली असेल. आणि माणूस वाईट नाही, आईसाठी पदरचे पैसे घालून मला तेवढ्या लांबून बोलावतो. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, माझं जाणं बंद झालं असतं आणि चिंगीच्या गळ्यात चोक चेन आली असती. पण न विचारता मी नक्की कोणाची बाजू घेतली तेही मला कळत नाही.

कारण न सांगता एवढंच सांगितलं की संध्याकाळचं खाणं आता तुम्ही स्वतःच्या हाताने द्यायचं. तो म्हणाला, "यात कसली ट्रेनिंग सर?" काल रात्री त्याचा मेसेज आला, ती हातातलं घेत नाहीये. फोन करून सांगितलं, जमिनीवर बसा, तिच्याकडे तोंड करू नका, एका बाजूला वळून बसा, हात पुढे करू नका, तुकडा लांब टाका आणि उठताना हळू उठा. ती आपणहून जवळ येईपर्यंत तेच. काठी तेव्हा आजींच्या खोलीत राहू द्या. आणि व्हिडिओ नको.