पट्टा विकत मिळत नाही: आमच्या कराटे क्लासची वाटचाल

लातुरात 'क्लास' म्हटलं की बारावी, नीट आणि टेस्ट सिरीज. त्या बोर्डांच्या गर्दीत आम्ही कराटेचा बोर्ड लावला तेव्हा पालक विचारायचे, "ह्याचे मार्क कुठं धरतात, सर?" आम्ही सांगायचो, लेकरू धीट होतं. अर्धेजण तिथूनच परत जायचे. जे थांबले त्यांच्या जिवावर हा क्लास आजही उभा आहे, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

सुरुवात एका शाळेच्या हॉलमध्ये, सतरंजीवर झाली. गी, म्हणजे कराटेचा पांढरा पोशाख, विकत घेणं कुणाला परवडायचं नाही, म्हणून शिंप्याकडून मांजरपाटाचे शिवून घेतले. लाथ मारताना शिवण उसवू नये म्हणून जांघेत जादा तुकडा घालायला लावला. माकीवाराची, म्हणजे ठोसे मारायच्या खांबाची, फळी सुताराकडून रंधून घेतली, बुडाशी जाड आणि वर पातळ, म्हणजे ठोसा बसला की मागे लवते. वरून सुंभ गुंडाळलं. तीच फळी अजून दारात आहे. लहानांना तिच्यावर ठोसे मारू देत नाही, त्यांची हाडं कच्ची असतात. त्यांच्यासाठी फोकस पॅड, समोरच्याने हातात धरायची मऊ गादी. जोडायच्या मॅट पुढे हळूहळू घेतल्या. नवीन क्लास काढणाऱ्यांना सांगून ठेवतो, मॅट धुऊन आपल्याकडच्या उन्हात टाकू नका. फोम आकसतो आणि मग दात एकमेकांत बसत नाहीत.

पुढची काही वर्षं नीट गेली. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हाही बॅच बंद नव्हती. मॅट पुसायच्या ऐवजी झाडून घेतल्या, एवढंच.

खरा घाव बसला तो त्यानंतर. आमच्याच रस्त्यावर दुसरा क्लास निघाला. बोर्डावर मोठ्या अक्षरात, 'एका वर्षात ब्लॅक बेल्ट'. दर दोन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी वेगळी, आणि नापास कुणीच नाही. आमच्याकडे त्याच पट्ट्याला पाच-सहा वर्षं लागतात. पालकांनी दोन्हीकडचा हिशेब मांडला आणि लेकरं उचलून नेली. त्या माणसाने शाळेतही जाऊन सांगितलं की आमची पद्धत जुनी आहे, पोरं रडतात. शाळेने हॉल रिकामा करायला सांगितलं. इतकी वर्षं त्यांच्या गॅदरिंगला आमची मुलं फुकट प्रात्यक्षिकं करत होती, त्याचा एक शब्दही कुणी काढला नाही. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

आज आमच्याकडे येणाऱ्यांना माहीत असावं म्हणून सांगतो. काळा पट्टा जिगोरो कानो यांच्या ज्युदोतून आला. कराटेगुरू गिचिन फुनाकोशींनी कराटेतले पहिले काळे पट्टे 1924 मध्ये दिले. कराटे जिथलं, त्या जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळांमध्ये ते शिरलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आंको इतोसू या गुरूंमुळे. ज्या काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, आपण आज हेयान म्हणून शिकवतो, त्या त्यांनी विद्यार्थ्यांसाठीच बसवल्या. म्हणजे लेकरांना झेपेल अशी पायरी शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी बांधून ठेवली आहे. ती ओलांडून वर उडी मारायची घाई कशाला?

त्या पडत्या काळात मार्केट यार्डातले एक हमालमामा आमच्याकडे टिकून राहिले. त्यांची मुलगी आठ-नऊ वर्षांची, कुणाशी बोलायची नाही. "घरातबी बोलंना झालीय," म्हणून त्यांनी आणून घातली होती. हॉल गेला त्या दिवशी मामांनी यार्डातून हातगाडा आणला, सगळ्या मॅट, पॅड आणि माकीवारा त्यावर लादला आणि एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर नेऊन टाकला. पैसे घेतले नाहीत. फी मात्र हप्त्याच्या हप्त्याला, हातात, मोजून.

हेयान शोदान या पहिल्या हेयान कातामध्ये एकवीस हालचाली आहेत आणि कियाई, म्हणजे जोराची आरोळी, दोनदा, नवव्या आणि सतराव्या हालचालीला. त्या मुलीच्या पहिल्या परीक्षेत पाय बरोबर पडले, हात बरोबर गेले, पण नवव्याला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. सतराव्यालाही नाही. मी पट्टा दिला नाही. सगळ्यांसमोर तिला सांगितलं की बाकी सगळं येतं, आवाज राहिला. मामा म्हणाले, "नका देऊ सर, पुढच्या बारीला घेऊ." पुढच्या परीक्षेआधी ती रोज लवकर यायची आणि रिकाम्या गच्चीवर एकटी ओरडायची. परीक्षेच्या दिवशी ती अशी ओरडली की खाली स्वयंपाकाला आलेल्या बाया काय झालं म्हणून जिन्यात आल्या. नंतर मामांनीच सांगितलं, रेशनच्या रांगेत एक माणूस मध्ये घुसला तेव्हा ही म्हणाली, "काका, मागं या." तो मागे गेला. आमच्या लेखी हाच पट्टा.

धीटपणा येतो तो असाच. लेकरू आधी सगळ्यांसमोर चुकतं, कुणी हसत नाही, पुन्हा करतं, आणि मग जमतं. ही मधली नापासाची पायरी त्या क्लासने काढून टाकली होती. काही वर्षांनी त्यांच्याकडची मुलं आमच्याकडे आली, कमरेला काळे पट्टे, आणि हेयान शोदान पुरी होईना. मी त्यांना पांढऱ्यापासून सुरू करायला लावलं. काही पालक भांडून गेले. जी राहिली त्यातली दोघं आता तपकिरी पट्ट्यावर आहेत.

पालकांना अजून एक. आपलं पोरगं पहिल्या दिवशी रडलं तर दारातून उचलून नेऊ नका, आणि घरी गेल्यावर "मारून दाखव" म्हणून पाहुण्यांसमोर उभंही करू नका. भाऊ-बहिणीवर हात उगारला तर आम्हाला कळवा, त्या हप्त्यात त्याला कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढत, मिळणार नाही. ऑलिम्पिकचंही विचारतात. टोकियोत कराटे होतं, पॅरिसला नव्हतं. त्याने आमच्या बॅचला काही फरक पडत नाही.

आता स्वतःचं शेड आहे, पत्र्याचं. मे महिन्यात आत भट्टी असते, म्हणून उन्हाळी बॅच पहाटे साडेपाचला. लहानांची बॅच हमालमामांची मुलगीच घेते. नवीन लेकरू आलं की ती त्याला पहिला हप्ता नुसतं कडेला बसवून बघू देते. त्या हप्त्याची फी आम्ही घेत नाही.