वेरोनिका आणि बेरेनिके

रविवार, रात्री साडेदहा.

आज वसईत शेजारच्या घरी बाप्तिस्मा होता. पणजीचे नाव पणतीला द्यायचे म्हणून बाळाचे नाव वेरोनिका ठेवले. ‘हे लॅटिन ना?’ असे कोणीतरी विचारले आणि हातातला केक तसाच ठेवून मी नको तेवढ्या उत्साहाने ग्रीसपर्यंत जाऊन पोहोचलो.

मूळ नाव फेरेनिके. ‘फेरो’ म्हणजे वाहून आणणे (संस्कृत ‘भृ’ धातूचा हा भाऊबंद) आणि ‘निके’ म्हणजे विजय. म्हणून विजय घेऊन येणारी ती फेरेनिके. मात्र मॅसिडोनियन बोलीत ‘फ’च्या जागी ‘ब’ येई. हे लोक फिलिपला ‘बिलिप’ म्हणतात, अशी नोंद प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कनेही केली आहे. अथेन्सच्या कानांना हा उच्चार गावठीच वाटत असणार. पण अलेक्झांडरनंतर इजिप्तची गादी टॉलेमी या मॅसिडोनियन राजघराण्याकडे गेली, त्यांच्या राण्या बेरेनिके म्हणवू लागल्या आणि फेरेनिके मागे पडली. मला याचे, का कोण जाणे, फार बरे वाटते.

त्यांतली दुसरी बेरेनिके सर्वांत प्रसिद्ध. पती तिसरा टॉलेमी इ. स. पू. 246 मध्ये सीरियाच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा तो सुखरूप परतल्यास केस अर्पण करीन, असा नवस तिने केला आणि फेडलाही. देवळात ठेवलेली ती बट नाहीशी झाली, तेव्हा दरबारी ज्योतिर्विद कोनोनने आकाशातला एक अंधूक तारकापुंज दाखवून ती तिथे गेल्याचे सांगितले. उत्तरा फाल्गुनी आणि स्वाती यांच्या मधोमध तो पुंज आजही बेरेनिकेच्याच नावाने ओळखला जातो.

तांबड्या समुद्रावरचे बेरेनिके बंदर दुसऱ्या टॉलेमीने आईच्या नावाने वसवले. तिथल्या उत्खननात भारतीय घडणीच्या एका रांजणात साडेसात किलो मिरे सापडले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत या बंदराचा उल्लेख आहे आणि आमच्या शेजारच्या सोपाऱ्याचाही. तरी वसईत हे नाव त्या गलबतांतून आले नाही. रक्तस्रावाने पीडित असलेल्या आणि येशूने बरे केलेल्या स्त्रीला ख्रिस्ती परंपरेने बेरेनिके हे नाव दिले, लॅटिनमध्ये त्याचे वेरोनिका झाले आणि पोर्तुगिजांच्या चर्चमधून ते इथे पोहोचले. ‘वेरा इकोन’, म्हणजे खरी प्रतिमा, ही प्रचलित व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली आहे.

हे सगळे ऐकून घेतल्यावर बाळाच्या आजी म्हणाल्या, ‘एवढे मोठे नाव कोण घेतो? आम्ही वेरूच म्हणणार.’