साथ देशाची, मग निर्णय कोणाचा?

महामारीत "राज्यांनी आपापलं बघावं" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं, अरे व्हायरसला काय राज्याची बॉर्डर कळते का? २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेत काय झालं आठवा, व्हेंटिलेटरसाठी न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया सगळे एकमेकांवर बोली लावत बसले, वर त्यांचीच केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन एजन्सी फेमा पण त्याच बाजारात उतरली, मग भाव चढणार नाही तर काय होणार! जगातला एवढा श्रीमंत देश आणि ही तऱ्हा.

आपण तरी काय वेगळं केलं म्हणा. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वाल्यांची लस राज्यांनी स्वतः विकत घ्यायची असं ठरलं, तीच कोविशील्ड केंद्राला १५० रुपयांना आणि राज्यांना ३०० ला (आधी तर ४०० सांगितले होते). राज्यांनी ग्लोबल टेंडर काढली तर मॉडर्ना या अमेरिकन लस कंपनीने पंजाबला सरळ सांगितलं की आम्ही फक्त भारत सरकारशीच बोलणार. दुसरी लाट ऐन भरात आणि हा घोळ! शेवटी ७ जूनला केंद्राने राज्यांच्या वाट्याची खरेदी परत आपल्याकडे घेणार असं जाहीर केलं.

मजबूत नेतृत्व म्हणजे रात्री ८ ला टीव्हीवर येऊन भाषण नव्हे हो. खरेदी एका हाताने करा, रोज खरे आकडे सांगा, वाईट असले तरी सांगा, शास्त्रज्ञांना पुढे बसवून बोलू द्या आणि चुकलं तर जबाबदारी खाली ढकलू नका. बेड, ऑक्सिजन, गावपातळीवरचं काम राज्यं बघतीलच, पण लस कोण आणणार हे भांडण लाट आल्यावर नको.