मांडवामागच्या माणसांसाठी

माझ्या सासरी मंडपाचा धंदा. आम्ही जुन्नर तालुक्यातले. नारायणगावात गुढीपाडव्याआधी तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात; तिथून आमच्या भागाचा हंगाम भरात येतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई असतेच. पाहुण्यांसाठी लॉनवर संध्याकाळी धूर मारतात. मांडववाले, साउंडवाले, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका मात्र पहाटेपर्यंत डासांत उभ्या. आमची पोरं घरी यायची ती पाय खाजवतच. त्यांच्यासाठी काहीतरी करायचं, एवढ्यावरच डास लांब ठेवणारं, अंगाला लावायचं तेल बनवायचं आमचं काम सुरू झालं.

बांधावर जावा सिट्रोनेला लावला; या गवताच्या वासाने डास लांब राहतात. दिसायला गवती चहासारखा, पण चहात घालायचा नाही. कापून दिवसभर सुकवायचा आणि वाफेवर तेल काढायचं. शंभर किलो गवतामागे किलोभर तेल हाती आलं, तर भट्टी चांगली लागली म्हणायची. हे तेल उडून जाणारं. नुसतं लावलं तर तासाभरात वास विरतो आणि डास परत येतात. म्हणून ते खोबरेलात आणि मधमाशीच्या मेणात बांधतो. त्याने थोडं जास्त टिकतं, तरी घाम आला की पुन्हा लावावंच लागतं. ‘रात्रभर संरक्षण’ असं आम्ही बाटलीवर कधी छापलं नाही, छापणारही नाही.

खरं शिकवलं ते कामाच्या माणसांनी. साउंडवाले म्हणाले, बोटाला तेल लागलं की मिक्सरची बटणं चिकट होतात. शिडीवर चढणाऱ्या लाइटवाल्याला तळहात कोरडेच हवेत. आचाऱ्याला जेवणाजवळ हा वास नको. तसाही भट्टीच्या धगीत त्याला डासांचा त्रास कमी. सगळ्यात जास्त चावे भांड्यांवरच्या बायकांना. लॉनच्या मागे चिखलात पाय, कोपरापर्यंत हात साबणात. त्या बाटली उघडणार कधी? म्हणून बाटली सोडून आम्ही कांडी केली. खालून सरकवायची आणि घोट्यांवर, पोटऱ्यांवर, मानेवर ओढायची; बोटाला काही लागत नाही. कमरेच्या पिशवीत मावेल एवढीच ठेवली, कारण मोठी कांडी बायका घरी ठेवून येत होत्या.

मग हवेचा प्रश्न. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं आणि मार्गशीर्षात आमच्याकडे रात्री चांगलाच गारठा असतो, कांडी दगडासारखी होते. चैत्रात टेम्पोच्या टपात ठेवली तर पाघळते. आता थंडीची कांडी वेगळी, उन्हाळ्याची वेगळी. उन्हाळ्याच्या कांडीत मेण जास्त. परवान्याच्या कागदपत्रांना वेळ लागला, पण अंगाला लावायची वस्तू परवान्याशिवाय विकायची नाही हे घरात आधीच ठरलं होतं.

गिऱ्हाइकाला माल देताना दोन गोष्टी सांगतोच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. म्हणजे नेमका मांडव उभा करायच्या वेळेला. साथ चालू असेल तर नुसत्या आमच्या कांडीवर राहू नका, अंगभर कपडे घाला, औषधाच्या दुकानातलं डीटवालं, म्हणजे डास दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम लावा. असं सांगून आमची विक्री कमी होते, असं पुण्याचे एक व्यापारी म्हणाले. होऊ दे. ताप माणसाला येतो, मजुरी त्याची बुडते. दुसरं, गोदामातल्या ताडपत्र्या. घडीत साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. घडी घालण्याआधी ताडपत्री वाळवली, तर निम्मं काम तिथेच होतं. भांड्यांच्या जागी एक उभा पंखा लावा, हेही सांगते. डास उडायला दुबळा, वाऱ्यापुढे टिकत नाही. कित्येक केटरर आता स्टेजचा एक पंखा मागे वळवतात, याचा मला फार आनंद आहे.

दुकानांत आम्ही फारसा माल ठेवत नाही. मंडपवाले आणि केटरर हंगामाआधी खोक्याने नेतात आणि दोऱ्या, हातमोजे देतात तशीच कांडीही माणसामागे एक देतात. मजुरीतून तिचे पैसे कापायचे नाहीत, ही आमची अट. रिकाम्या नळ्या परत आणल्या तर पुढच्या खोक्यात सूट मिळते. यंदा तमाशाच्या फडांना माल द्यायला सुरुवात केली आहे. तंबू ठोकणाऱ्या गड्यांचं म्हणणं आहे की कांडीला दोरी ओवायला भोक हवं, म्हणजे गळ्यात अडकवता येईल. नवा साचा करायला दिला आहे, दसऱ्याच्या आत हातात येईल.