क्रोम सोडून बघितलं

टिळकवाडीतल्या आमच्या घरी अजून ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप हाय, क्रोममध्ये दहा टॅब उघडले की पंखा असा घोंघावतो की आई आतनं विचारते, मिक्सर कोण लावलाय रे. म्हणून मागच्या पावसाळ्यात, करंट असेल तेव्हा, दुसरे ब्राउझर घालून बघितले.

पहिला विवाल्डी. ऑपेरा ब्राउझर काढणाऱ्यांपैकीच एक, योन फॉन टेट्झनर, यांचा, पहिली पक्की आवृत्ती २०१६ ची. टॅब डाव्या बाजूला उभे लावता येतात, एकावर एक रचता येतात, हे लय आवडलं. पण आतलं इंजिन क्रोमियमच, क्रोम ज्यावर बनलाय तेच, म्हणजे रंग नवा, गाडी तीच, पंखा काय थांबला नाही.

मग लिब्रेवुल्फ, हा फायरफॉक्सवरनं केलेला. युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन आधीच बसवलेलं येतंय, त्यामुळं बातम्या वाचताना मधेच उड्या मारणाऱ्या जाहिराती गायब, पान पण पटकन उघडतंय. फक्त बंद केला की कुकीज, म्हणजे साइटनं लॉगिन लक्षात ठेवायला ठेवलेल्या नोंदी, पुसून टाकतो आणि परत सगळीकडं लॉगिन. बाबा दोनच दिवसांत वैतागले, तुझा तो लांडगा काढ आधी म्हणाले. सेटिंगमध्ये जाऊन हे पुसणं बंद करता येतं, मला आठवड्यानं कळलं.

आता माझ्याकडं लांडगा, बाबांकडं क्रोम. एका साइटवर फॉर्मचं बटणच दबत नाही लांडग्यात, तेवढ्यापुरतं मी पण गुपचूप क्रोमच उघडतो.