दहा मिनिटांचं अंतर आधी स्वतः चालून बघा

धाकट्या भावाला पुणे जिल्ह्यातल्या मंचर परिसरात एका कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. हॉस्टेल भरलेलं. खोली शोधण्यात दोन शनिवार गेले आणि पहिल्याच शनिवारी टोकनचे, म्हणजे खोली पक्की करायला आगाऊ दिलेले, २००० रुपये बुडाले. तुमचे बुडू नयेत म्हणून लिहितेय.

पुण्यात वाकडेवाडीहून नारायणगावची एसटी धरली. चाकणला पाऊण तास गाडी जागची हलली नाही. सकाळी सहालाच निघा, नाहीतर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. फोनवर एजंट म्हणाला होता, "ताई, कॉलेजपासून दहा मिनिटं. पोरं चालत जातात." खोली खरंच बरी होती. नवी फरशी, खिडकीला जाळी. भर दुपारी मालकांच्या गाडीवर बसून बघून आलो आणि मी टोकन देऊन टाकलं. चूक इथेच झाली.

नंतर भावाला म्हटलं, चल, कॉलेजपासून खोलीपर्यंत पायी जाऊन बघू. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. पस्तीस मिनिटं लागली. निम्मा रस्ता उसातून, दोन्हीकडे डोक्याच्या वर ऊस, पाती हाताला कापतात. दिव्याचा एक खांब नाही. ओढ्याच्या उतारावर घोट्यापर्यंत चिखल आणि नेमकी तिथेच मोबाईलची रेंज गेली. गवताचा भारा घेतलेल्या एक मावशी आम्हाला बघून थांबल्या. "पोरगं इथं राहणार? सातनंतर एकट्याला येऊ देऊ नका, बाई. वाघ असतो उसात. परवा वस्तीवरची शेळी नेली."

इकडे बिबट्याला वाघच म्हणतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत तो उसातच राहतो, तिथेच पिल्लं घालतो आणि ऊसतोड सुरू झाली की वस्त्यांकडे सरकतो. म्हणजे दिवाळीनंतर, नेमका सहालाच अंधार पडायला लागतो तेव्हा. भावाचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटणार. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. टोकन मागितलं, मिळालं नाही. तरी चालेल, पण त्या रस्त्याने मी त्याला पाठवणार नाही. तुम्हीही पाठवू नका. ज्यांना पर्यायच नाही त्यांनी तिघाचौघांनी मिळून यायचं, हातात बॅटरी आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी.

त्याच घरातल्या एका मुलाने मला वही दाखवली होती. मागच्या महिन्याची लाईट ६२ युनिट, दर १५ रुपये, म्हणजे ९३० रुपये. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर सगळ्यात कमी असतो, १०१ पासून चढतो. तीन खोल्या एकाच मीटरवर असल्या की सगळ्यांचे युनिट एकत्र होतात, आणि मालक वर आपला दर लावतो. सरळ विचारा, "काका, या महिन्याचं बिल दाखवता का?" टाळाटाळ झाली तर उठा. पाण्याचंही विचारा. मोटर थ्री फेजवर, म्हणजे ठरावीक तासच येणाऱ्या शेतीच्या लाईटवर असेल, तर ती लाईट येईल तेव्हाच टाकी भरते.

दुसऱ्या शनिवारी मंचर गावातच खोली मिळाली. स्वतंत्र मीटर, खाली किराणा दुकान, दोन तासांत काम झालं. भाडं हजाराने जास्त, पण एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे. माझं मत स्पष्ट आहे: कॉलेजजवळची स्वस्त खोली सोडा, मंचरला राहा.

डिपॉझिट देण्याआधी लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाड्याने राहण्याचा लेखी करार, नोंदवून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकाची आहे. "गावात कोण करतं करार?" असं आम्हालाही ऐकवलं. आम्ही अडून बसलो, आधार आणि अंगठा देऊन ऑनलाईन झाला. गादी आणि बादली मंचरमध्येच मिळते, पुण्याहून वाहून नेऊ नका.