बीसीएला सीईटी असते, हे मला निकालानंतर कळलं

२१ मे २०२४ ला बारावीचा निकाल लागला. कॉमर्सला ७८ टक्के पडले. पप्पांनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी आई आणि मी निफाडहून नाशिकला बीसीएचा फॉर्म आणायला गेलो. खिडकीतल्या सरांनी वर न बघताच विचारलं, "सीईटी दिलीय?" मला वाटलं, ते आम्हाला सायन्सवाले समजतायत. मी म्हटलं, "सर, मी कॉमर्सची." तेव्हा त्यांनी मान वर केली. "कॉमर्स असो नाहीतर आर्ट्स, बीसीए-बीबीएला यंदापासून सीईटी आहे. २९ तारखेला पेपर, फॉर्म कधीच बंद झालेत."

झालं असं होतं की २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीसीए, बीएमएस हे मॅनेजमेंट-कॉम्प्युटरचे कोर्स आपल्या कक्षेत घेतले, आणि राज्यात त्यांच्यासाठी पहिल्यांदाच सीईटी म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा लागली. आमच्या ज्युनिअर कॉलेजात सीईटी म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी. ती चिंता सायन्सच्या वर्गाची. आम्ही कॉमर्सच्या मुली मार्च-एप्रिलमध्ये अकाउंट्सचा पेपर कसा गेला यावर बोलत होतो. आमच्यासारखे पुष्कळ निघाले. राज्यभरात या कोर्सेसच्या लाखाच्या वर जागा, आणि पहिली परीक्षा दिली पन्नास हजारांच्याही आत मुलांनी.

सरांनीच वाट दाखवली. त्यांच्याकडे एक कोर्स होता, नाव थोडं वेगळं, "विषय जवळपास तेच, सीईटीची भानगड नाही, आज पैसे भरा, आज अ‍ॅडमिशन." तेव्हा बऱ्याच ठिकाणी हाच मार्ग काढलेला होता, मुंबईकडे बीएमएसचं बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज झालं ते असंच. आईला हायसं वाटलं. आठवड्याने आम्ही १५,००० रुपये भरले आणि सोबत माझा शाळा सोडल्याचा दाखला दिला. ओरिजिनल. तो दाखला पुढे मला किती फिरवणार होता, हे तेव्हा कळलं असतं तर मी झेरॉक्सच दिली असती.

जूनअखेरीस बातमी आली की हुकलेल्यांसाठी जादा सीईटी घेणार. मी फॉर्म भरला, पण खरं सांगायचं तर नुसता भरून ठेवावा म्हणून. अ‍ॅडमिशन तर झालं होतं. मग ८ जुलैला शासन निर्णय निघाला. व्यावसायिक कोर्सला कॅपमधून म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळालेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ही सवलत निम्मी होती. माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिने तो जीआर अख्खा वाचला आणि रात्री साडेनऊला पप्पांना फोन केला: "दादा, तिच्या त्या कोर्सला कॅप आहे का?" नव्हती. सीईटीची भानगड नाही म्हणजे कॅप नाही, आणि कॅप नाही म्हणजे माफीही नाही. नावातला तो छोटासा फरक तीन वर्षांच्या फीएवढा होता.

जादा सीईटी ४ ऑगस्टला. हातात जेमतेम महिना. पेपर कॉम्प्युटरवर, नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. चाळीस प्रश्न इंग्रजीचे, तीस रीझनिंगचे, पंधरा सामान्य ज्ञानाचे आणि पंधरा कॉम्प्युटरच्या मूलभूत गोष्टींचे. क्लास लावला नाही. रीझनिंगसाठी भरती परीक्षांच्या पुस्तकातले नातेसंबंध आणि दिशांचे प्रश्न सोडवले. चुलतभाऊ पोलीस भरती करत होता, त्याचंच पुस्तक. माझी खरी भीती इंग्रजीची होती, पण उतारे वाटले तेवढे अवघड नव्हते. शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या अकरा प्रश्नांना डोळे झाकून उत्तरं दिली. ७४ पर्सेंटाइल आले. फार नाहीत, पण माझ्या कामाला पुरले.

अभ्यासापेक्षा कागदांनी जास्त दमवलं. जात पडताळणीचं आत्याने बारावीतच करून घेतलं होतं. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून ती स्वतः पणजोबांच्या शाळेत गेली आणि जुन्या रजिस्टरातून उतारा काढून आणला. त्यात पणजोबांच्या नावापुढे "गैरहजर, गुरे राखतो" असा शेरा होता. आम्ही सगळे हसलो, पण त्या ओळीवर माझी व्हॅलिडिटी निघाली. सायन्सच्या मुलींचे प्रस्ताव कॉलेजच अकरावी-बारावीत पाठवून देतं. आमच्या वर्गात ते कोणी विचारलंही नव्हतं.

अडलं नॉन-क्रिमिलेअरवर, म्हणजे ओबीसी असून घर उन्नत गटात मोडत नाही या प्रमाणपत्रावर. माझ्याकडचं ३१ मार्च २०२४ पर्यंतचं होतं, आणि प्रवेशासाठी ३१ मार्च २०२५ पर्यंत चालणारं हवं. नसेल तर ओपनमध्ये टाकतात. त्यासाठी तलाठ्याकडे, तिथून सेतूत, मग फाईल प्रांत ऑफिसला. सेतूतला मुलगा रोज सांगायचा, "साहेबांच्या लॉगिनला आहे." अठरा दिवस ती फाईल साहेबांच्या लॉगिनला होती. पप्पांनी एकदा त्याला विचारलं, "हे लॉगिन कुठंशी आलं? मीच जाऊन येतो."

अर्ज ऑनलाईन भरला तर तपासणीतून दोनदा परत आला. एकदा पप्पांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर एक आणि जातीच्या दाखल्यावर दुसरं म्हणून, त्याला प्रतिज्ञापत्र जोडलं. दुसऱ्यांदा डोमिसाईलचा स्कॅन पुसट म्हणून. पसंतीक्रम भरताना मी आधी "मिळेल" ती कॉलेजं वर टाकली होती. भावाच्या मित्राने वेळेवर थांबवलं. पहिल्या पसंतीचं लागलं की जागा आपोआप गोठते, पुढच्या फेरीत जाताच येत नाही. म्हणून जे खरंच हवं तेच वर. गणपतीच्या आगेमागे यादी लागली आणि मला नाशिकमधलंच दुसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं. मी तिथेच थांबायचं ठरवलं, हजार रुपये भरून जागा पक्की केली.

आणि आता त्यांना ओरिजिनल दाखला हवा होता.

हातात मोजून चार दिवस. पहिल्या कॉलेजात गेले तर म्हणे, प्रवेश रद्द केल्याशिवाय दाखला मिळणार नाही, आणि रद्द करायचा तर वर्षाची उरलेली फी भरा. मी तिथेच रडकुंडीला आले. आत्याला फोन लावला, तर ती म्हणाली रडू नकोस, अर्ज लिही. यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षीसाठी स्पष्ट सांगितलेलं होतं: ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर फार तर हजार रुपये कापायचे. मूळ कागदपत्रंही अडवून ठेवता येत नाहीत. मी त्यांच्याच खिडकीशी उभं राहून तो अर्ज लिहिला, परिपत्रकाची प्रत जोडली आणि पोच मागितली. पोच हा शब्द ऐकल्यावर आत बरीच चुळबूळ झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाखला हातात आला, मागच्या बाजूला लाल शाईने "प्रवेश रद्द" असं आडवं लिहून. नव्या कॉलेजातल्या मॅडमनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "पुढची बाजू चांगलीय ना, मग ठेवा."

आमचे वर्ग उशिरा सुरू झाले, सी लँग्वेजचं पहिलं प्रॅक्टिकल दसऱ्याच्या तोंडावर झालं. शिक्षण शुल्क लागलं नाही, पण "इतर शुल्क" म्हणून काही हजार भरावे लागले, हे आधी कोणी सांगत नाही. फी माफीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून बँकेत पुन्हा दोन खेपा झाल्या.

पहिल्या कॉलेजने दिवाळीनंतर १४,५०० रुपये परत केले. पाचशे "प्रोसेसिंग"चे. पप्पा म्हणाले, जाऊ दे, पाचशेसाठी कुठे भांडतेस. मी दुसरा अर्ज टाकला, याही वेळी पोच घेऊन. जानेवारीत फोन आला की चेक तयार आहे, घेऊन जा. प्रॅक्टिकल संपल्यावर सीबीएस स्टँडवरून बस धरली आणि गेले आणायला, एसटीचं अर्धं तिकीट काढून.